यवतमाळच्या कागदावर नारळाचे झाड

महाराष्ट्रातल्या शाळेत ज्याने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या शासकीय रेखाकला परीक्षांच्या दोन पायऱ्या चढल्या आहेत त्याला स्मरणचित्र म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. समोर ना वस्तू, ना माणूस, ना खिडकीबाहेरचे झाड; प्रश्नपत्रिकेत आठवडी बाजार, एस. टी. स्थानक, पाणवठा, पावसाळ्यातील रस्ता अशांपैकी काही विषय दिलेले, आणि तेवढ्या आधारावर पाव इम्पीरियल कागदावर माणसांसह अख्खा प्रसंग उभा करून, तो जलरंगात रंगवून, ओला कागद हवेत हलवीत हलवीत वेळेच्या आत पर्यवेक्षकाच्या हवाली करावयाचा, असा तो मामला असतो. आज ही परीक्षा घेणारे कला संचालनालय १९६५ सालचे. परीक्षेची चाल मात्र त्याहून पुष्कळ जुनी, मुंबई इलाख्याच्या अमदानीतली, आणि तिच्यामागची शिस्त लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या वळणाची, जेथून जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग हे शिक्षक १८६५ च्या सुमारास मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. अलीकडे इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागले, 'ए' श्रेणीस ७, 'बी'स ५, 'सी'स ३, तेव्हापासून पालकांचे लक्ष ह्या परीक्षेकडे वेधले आहे. ते रंगांकडे वेधले आहे असे मात्र म्हणवत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील शाळांच्या भिंतींवर कौतुकाने लावलेली निसर्गचित्रे पाहत गेले म्हणजे एक गंमत पुनःपुन्हा नजरेस येते. पाठीमागे दोन किंवा तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून उगवणारा सूर्य, तेथूनच निघून कागदाच्या खालच्या कडेपर्यंत रुंदावत आलेली निळी नदी, नदीकाठी उतरत्या छपराची झोपडी आणि त्या झोपडीवर कललेले नारळाचे झाड. आता घाटंजी, केळापूर, झरी-जामणी ह्या तालुक्यांतल्या मुलांनी नारळ पाहिलेला असतो तो देवळाच्या पायरीवर फुटताना, नाहीतर किराणा दुकानाच्या पोत्यात. झाडावर तो त्यांनी क्वचितच पाहिला असेल. त्यांच्या अंगणात कडुनिंब असतो, धुऱ्यावर बाभूळ आणि पळस असतो, गावाच्या शिवेपलीकडे मोह आणि सागवान असते. मग हे झाड कागदावर आले कोठून? ते आले कॅलेंडरावरून, वहीच्या वेष्टणावरून, मार्गदर्शक पुस्तकातल्या नमुन्यावरून, आणि मागच्या वर्षी 'ए' श्रेणी मिळविलेल्या वरच्या वर्गातल्या मुलाच्या चित्रावरून. मुलगा डोळे मिटून आठवतो खरा, पण तो आठवतो दुसऱ्याचे चित्र. स्मरणाच्या नावाखाली जी पाठांतराची सवय आपण लावतो तिच्यापायी जलरंगातल्या वातावरणचित्राचे मूळच खुडले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण जलरंग हा हवेचा पदार्थ आहे, आणि हवा कोणाची पाठ करता येत नाही.

त्रिकोणी डोंगराचीच गोष्ट घ्या. ह्या जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या कातळाचा. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांतला कठीण थर माथ्यावर टिकला, मऊ थर कडेने झिजत गेले, आणि म्हणून येथील टेकड्यांचे माथे सपाट व उतार पायऱ्यापायऱ्यांचे झाले. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर अशाच पठारी मुलखात वसले आहे. तेथून पूर्वेस वणीकडे जावे तसतशी जमीन वर्धा नदीच्या खोऱ्यात उतरते, कातळाची जागा चुनखडीचा आणि कोळशाचा थर असलेले जुने खडक घेतात, आणि क्षितिज इतके आडवे होते की त्यावर टेकडी अशी काही उरतच नाही. उत्तर-पूर्वेस वर्धा, दक्षिणेस पैनगंगा. उमरखेडच्या बाजूला सहस्रकुंडाशी पैनगंगा खडकावरून कोसळते तेवढा एक देखावा सोडला तर ह्या मुलखाने चित्रकाराला देखणे असे फारसे काही दिले नाही. सह्याद्रीच्या कडा नाहीत, कोकणची हिरवी दाटी नाही. आहे ती काळी जमीन, तिच्यावर पऱ्हाटी आणि तूर, दूरवर सागवानाची एक रेघ, आणि ह्या सगळ्यावर अतोनात मोठे आभाळ. जेथे आकार थोडे असतात तेथे चित्राचा सारा भार हवेवर पडतो. ह्या जिल्ह्याचे निसर्गचित्र रंगवायचे म्हणजे त्याची हवाच रंगविली पाहिजे, दुसरा इलाज नाही.

आणि ही हवा मोठी बेइमान. जलरंगाचा सगळा कारभार पाण्याच्या वाळण्यावर चालतो: कागद ओला असताना लावलेला रंग पसरून त्याची कडा विरघळते, ओल उतरल्यावर लावलेला रंग कडा धरतो, आणि ह्या दोहोंमधली जी थोडी वेळ असते, जेव्हा कागदावरची चमक नुकती मावळते पण हाताला गारवा लागतो, तेवढ्यात जे साधेल तेच साधते. त्या वेळी ब्रशात पाणी जरा अधिक राहिले तर आधीचा रंग ढकलला जाऊन फुलकोबीसारखा डाग उमटतो आणि तो मग जन्मभर तेथेच राहतो. मुंबईच्या दमट हवेत ही वेळ बरीच लांबते. यवतमाळात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला आणि पश्चिमेची कोरडी झळ सुटली म्हणजे ती उरतच नाही; आभाळाचा वॉश कागदाच्या अर्ध्यावर येईतो वरचा भाग कोरडा ठणठणीत झालेला असतो आणि प्रत्येक ब्रशाचा फटकारा आपली कडा दाखवू लागतो. म्हणून कोणी पाण्यात ग्लिसरिनचे दोन थेंब टाकतात, कोणी कागदाखाली ओले फडके पसरतात. उलट श्रावणात झड लागली, आणि वऱ्हाडात झड म्हणजे दोन घटकांची सर नव्हे, दिवसचे दिवस संततधार, की तोच कागद सकाळी रंगविलेला संध्याकाळपर्यंत वाळत नाही, त्याची सरस मरते, रंग आत शोषला जाऊन फिका पडतो, आणि घरात ठेवलेल्या कोऱ्या कागदावरही बुरशीचे पिवळे ठिपके येतात. शाळेतल्या साध्या कार्ट्रिज कागदाची ही कथा. हातकागदाची तऱ्हा आणखी वेगळी. शेजारच्या वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने हातकागदाला हात घातला आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली तेव्हा डोळ्यांपुढे चित्रकार नव्हता, दफ्तर होते. पण त्या खरबरीत, तहानलेल्या कागदावर गढूळ आभाळ जसे बसते तसे गुळगुळीत कागदावर बसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने काय ते जलरंगाला अनुकूल, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आभाळ बहुधा निरभ्र, म्हणजे रंगविण्यासारखे त्यात थोडेच.

तेव्हा ज्या वेळी रंगवावे त्या वेळी हवा पाहण्यासारखी नसते आणि ज्या वेळी हवा पाहण्यासारखी असते त्या वेळी रंगविता येत नाही, हा ह्या मुलखाचा पेच. मेअखेरचे वादळ उठते तेव्हा घटकाभर दृश्य असे होते की नेहमीचा सारा हिशेब उलटतो: एरवी आभाळ जमिनीहून उजळ असते, त्या वेळी पश्चिमेकडचे आभाळ पाटीसारखे काळेनिळे होते आणि नांगरलेले वावर, वाळलेल्या गवताचा धुरा, गोठ्याचे पत्रे हे सगळे त्याच्यापुढे फिकट पिवळे दिसू लागतात, मध्ये धुळीचा पडदा असा उभा राहतो की जमीन कोठे संपली आणि आभाळ कोठे लागले ते सांगता येऊ नये. मग पहिले टपोरे थेंब पडतात आणि खेळ आटोपतो. इतक्या वेळात कागद फळीवर ताणणेही होत नाही. पाहणाऱ्याने ते सोबत घेऊन जावे, म्हणजे स्मरणात घेऊन जावे, आणि सवडीने, हवा राजी असेल तेव्हा, पंख्याखाली बसून कागदावर उतरवावे, हाच एक मार्ग राहतो.

हा मार्ग काही नवा नाही. इंग्रज चित्रकार टर्नर १८१० साली यॉर्कशायरमधील फार्नली येथे यजमानांकडे उतरला असता त्याने वादळ होताना पाहिले, हाताशी असलेल्या पत्राच्या पाठीमागे भराभर टिपणे घेतली, आणि यजमानांच्या मुलाला म्हणाला की दोन वर्षांनी हे तुला पुन्हा दिसेल व त्याचे नाव हॅनिबलचे आल्प्स ओलांडणे असे असेल. १८१२ मध्ये ते चित्र प्रदर्शनात लागले. ही हकीकत त्या मुलानेच पुढे सांगितली. पॅरिसमध्ये ल्कॉक द ब्वाबोद्राँ नावाच्या शिक्षकाने तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्मरणाच्या तालमीची एक रीतसर पद्धतच बसविली: आधी एखादी साधी आकृती, मग मुखवटा, मग लूव्हरमधले एखादे चित्र पाहून येऊन शाळेत आठवणीने काढावयाचे, आणि त्यानंतर उघड्यावर चालत्याबोलत्या माणसांना पाहून घ्यावयाचे. रोदँ, फाँताँ-लातूर, लग्रो हे त्याच्या हाताखालून गेले. व्हिसलर रात्री थेम्सकाठी फिरावयास जाई, एखाद्या देखाव्यापाशी थांबून तो नीट पाही, मग त्याकडे पाठ करून सोबत्याला तोंडाने सांगत सुटे: इतकी उजळ खिडकी येथे, तिच्याखाली इतके अंधारे पाणी, चुकले तर सोबत्याने चूक काढावी, आणि पाठ जमला की घरी जाऊन दुसऱ्या दिवशी रंगवावे. माझ्या मते ह्यातली खुबी पाहण्यात नाही, पाठ करण्याआधी दृश्याला शब्दांत मोडून घेण्यात आहे. कोणता भाग कोणत्या भागाहून गडद, कोणती कडा कठीण, कोणती विरलेली, ऊन कोठून येते: एवढ्या चार गोष्टी ध्यानात राहिल्या तर बाकीचे पान-न्-पान विसरले तरी चित्र उभे राहते; आणि हे नातेच जर विसरले तर साऱ्या पानांची मोजदाद केलेली असूनही ते उभे राहत नाही.

महाराष्ट्रात मात्र गाडी उलट दिशेने धावली. लहानपणी स्मरणचित्र, आणि मोठेपणी कलाशाळेत गेल्यावर स्मरणाला रजा: तेथे निसर्गासमोर बसून, उन्हात घाम गाळून, जागेवर पुरे केलेल्या चित्राची प्रतिष्ठा. मुंबईच्या कलाशाळेत जलरंगाची जी परंपरा वाढली ती अशी समोरासमोरच्या अभ्यासाची होती, आणि तिने काय साधले ते पाहायचे असेल तर कोल्हापूरच्या आबालाल रहिमान ह्यांची रंकाळा, कोटीतीर्थ, संध्यामठ ह्या परिसरातली चित्रे पाहावीत. पाण्यावरच्या सकाळच्या वाफेला त्यांनी दिलेला मान पुढे फार थोड्यांनी दिला. १९३१ साली ते गेले. शाहू महाराजांच्या निधनानंतर विषण्ण होऊन त्यांनी आपली कितीतरी चित्रे पाण्यात सोडून दिली अशी आख्यायिका कोल्हापुरात सांगतात. खरी असो वा नसो, त्या चित्रांच्या स्वभावाशी ती विसंगत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांनी जपानी चित्रकार ताइकान ह्यांच्याकडे पाहून चित्रच्या चित्र पाण्यात बुडवून काढण्याची वॉशची पद्धत सुरू केली; तिच्यात धुके होते, पण ते धुके बहुधा पुराणातले असे, अमुक गावचे नसे. मुंबईकरांनी तिची टर उडविली. त्या वादात दोन्ही बाजू थोड्याबहुत बरोबर होत्या, आणि आपल्या जिल्ह्याला त्यांपैकी कोणाचाच उपयोग झाला नाही.

कारण यवतमाळचे तोंड मुंबईकडे नव्हतेच. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले, आणि १९५६ पर्यंत येथल्या माणसाची कचेरी, कॉलेज, इस्पितळ सगळे नागपुरास होते. म्हणून स्मरणातून रंगविलेल्या निसर्गाचे सर्वांत मोठे उदाहरण शोधू लागल्यास ते नागपूरच्या वाटेनेच सापडते. सैयद हैदर रझा हे १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी जन्मले. वडील जंगलखात्यात नोकरीस, त्यामुळे बालपण सागवान-सालाच्या रानांत आणि नर्मदेच्या काठी गेले. सागवान आणि पळस हे मंडल्याचे तसेच यवतमाळचेही. रात्रीच्या जंगलाची जी दहशत आणि पहाटेचा जो दिलासा रझा जन्मभर सांगत राहिले तो पांढरकवड्याच्या वा उमरखेडच्या पोडातल्या, म्हणजे आदिवासी पाड्यातल्या, पोरालाही परका नाही. १९३९ ते १९४३ ते नागपूरच्या कलाशाळेत बापूराव आठवले ह्यांच्या हाताखाली शिकले, मग मुंबईस जे. जे. मध्ये. त्या दिवसांत पोटासाठी एका ब्लॉक बनविणाऱ्या स्टुडिओत नोकरी करून उरल्या वेळात त्यांनी मुंबईचे रस्ते, पावसाळी आभाळ, ओल्या डांबरावर पसरलेले दिवे जलरंगात रंगविले, आणि त्या लहान चित्रांनीच त्यांचे नाव झाले. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटातले ते एक. १९५० मध्ये पॅरिसला गेले.

पुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा. समोर बसून रंगविण्यासारखा फ्रान्सचा सारा देखणा मुलूख हाताशी असताना, त्याची घरे-चर्चे पुष्कळ रंगवून झाल्यावर, पन्नाशीच्या आसपास रझांच्या चित्रांत मंडल्याचे जंगल परत आले: 'तपोवन' १९७२ चे, त्यापाठोपाठची 'ला तेर' ही पृथ्वीची चित्रे, मग 'सौराष्ट्र'. जलरंग तेव्हा सुटला होता, ॲक्रिलिक आले होते, झाडाला झाडाचा आकार राहिला नव्हता. पण काळ्याच्या पोटातून निघणारा तो लाल आणि पिवळा कोणी वणव्याची रात्र पाहिल्यावाचून लावू शकला नसता. तीस वर्षांत पानाफांद्यांचा तपशील गळून गेला आणि कोण कोणाहून गडद हे नाते तेवढे उरले. बिंदूची गोष्ट, मास्तरांनी चंचल मुलाला भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहत बसावयास लावल्याची, सर्वांना ठाऊक आहे आणि जरा जास्तच सांगितली जाते. मला त्याहून अर्थपूर्ण वाटते ते हे की २०१६ मध्ये दिल्लीत देह ठेवल्यावर त्यांचे दफन त्यांच्या इच्छेनुसार मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी झाले.

आता हाती ब्रश घेऊन यवतमाळकडे यावे. सागवानाचेच रान घ्या, घाटंजीकडून पांढरकवड्याकडे, टिपेश्वरच्या बाजूला, जसे रस्त्याच्या दोन्ही अंगांना लागते तसे. पाठ केलेल्या चित्रात जंगल बारमाही हिरवे असते. प्रत्यक्षात सागवान मार्चपासून उघडेनागडे होते, आणि त्या राखाडी काड्यांच्या गर्दीत पळसाचा भगवा पेटतो. जूननंतर मोठमोठी पाने येतात, ऐन पावसात शेंड्यांवर मळकट पांढरे तुरे फुलतात, आणि सप्टेंबरात बाकी सृष्टी हिरवीगार असताना पान खाणाऱ्या अळीमुळे पानांच्या नुसत्या जाळ्या राहून टेकड्यांचे काही उतार तांबूस होऊन जातात. भर पावसाळ्यातले हे तपकिरी रान ज्याने पाहिले आहे तो झडीचे चित्र काढताना हिरव्या रंगाच्या ट्यूबकडे जाणार नाही. कागद पुरा भिजवून तो येलो ऑकरचा अगदी पातळ वॉश खाली घेईल, त्यात वरून अल्ट्रामरीन आणि थोडा बर्न्ट सिएन्ना मिसळून झालेला करडा सोडील, टेकडीचा सपाट माथा चमक मावळताना एकाच आडव्या फटकाऱ्यात ओढील आणि त्याची खालची कडा पाण्याने पुसून टाकील, कारण झडीत टेकडीचा पायथा कधी दिसत नाही. मग थांबेल. काळ्या जमिनीसाठी त्याच दोन रंगांचा दाट गोळा, निळ्याकडे झुकलेला. शाळेच्या पेटीतला तयार काळा तेथे लावला की जमीन मेलीच म्हणून समजावे, कारण भिजलेली काळी माती जांभळट असते, आणि अल्ट्रामरीनचा दाणा कागदाच्या खळग्यांत बसून तिला जो पोत देतो तो हाताने देता येत नाही. पांढऱ्याची गरज नाही. पाण्याने भरलेल्या चाकोरीला कोरा कागद पुरे.

हिवाळ्यातली धुवारी, म्हणजे दाट धुके, ह्याहून अवघड. तूर फुलावर असताना धुवारी पडली की शेतकरी कपाळाला हात लावतो, बहर गळतो म्हणून. चित्रकाराला तीच सकाळ हवी असते, आणि ही कुचंबणा मनात बाळगल्यावाचून ते चित्र खरे होईल असे मला वाटत नाही. उलंगवाडी झालेल्या, म्हणजे वेचणी आटोपलेल्या, वावरात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या, त्यांना चुकून राहिलेली कापसाची बोंडे, आणि दहा पावलांवर सगळे नाहीसे. येथे गडद काही नाहीच. तीन फिकट वॉश एकमेकांपासून केसभर निराळे ठेवावयाचे. ते समोर बसून करू गेल्यास डोळा दर क्षणी नवा तपशील शोधून काढतो आणि हात मोहात पडतो. घरी आल्यावर तो मोह राहत नाही.

वणीकडची हवा मात्र झपाट्याने पालटली आहे. कोळशाच्या खाणी, रस्त्यावरचे डंपर, राजूरच्या चुनाभट्ट्या ह्यांमुळे तेथले क्षितिज खालून काळपट आणि वरून पांढुरके असते, आणि सायंकाळी त्याला जो गुलाबी रंग चढतो तो देखणा असतो, पण तो निव्वळ धुळीचा. असे आभाळ खोटे ठरवून निळे रंगविणाऱ्यांपेक्षा ते आहे तसे लावणारा मला जवळचा वाटतो.

शकुंतला रेल्वेचे तर आता आठवणीवाचून काहीच चित्रित होण्याजोगे राहिले नाही. किलिक निक्सन ह्या विलायती पेढीची, अडीच फुटी रुळांची, मूर्तिजापूर ते यवतमाळ ही गाडी वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरसाठी बंदराच्या वाटेला लावण्याकरिता झाली. मँचेस्टरलाच १९२१ साली तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले, मग डिझेल आले, आणि पुढे गाडीच थांबली. तिची चित्रे आजकाल पुष्कळ निघतात. चाकांचे आरे, धुराड्याचा घाट, डब्यांची संख्या छायाचित्रांवरून बिनचूक उतरलेली असते. धूर मात्र सर्वांचा एकसारखा, पांढरा, कापसाच्या पेळूसारखा वर गेलेला. दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकावर हिवाळ्यात सकाळी गाडी उभी राहिली म्हणजे थंडीने धूर वर न जाता फलाटावर बसे, तपकिरी असे, आणि उन्हाची तिरीप त्यातून आली की रुळांच्या बाजूने नारिंगी दिसे, असे त्या गाडीने कॉलेजला गेलेली माणसे सांगतात. ही माणसे आता सत्तरीच्या घरात आहेत. जिल्ह्यातल्या तरुण चित्रकारांनी छायाचित्र खिशात ठेवून त्यांच्यापाशी जाऊन बसावे, धुराचा रंग विचारावा, आणि ऐकताना टिपण शब्दांत घ्यावे. स्केच नंतर करता येईल.